एक वाटी म्हणजे किती

वाटी ती वाटी, असं मी म्हणाले होते. तेवढं एक वाक्य गिळलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. माझी जीभ नको तिथे माझ्या पुढे धावते, आणि जिथे खरंच बोलायला हवं होतं तिथे नेमकी बसली. सांगतेच सगळं.

माझी थोरली जाऊ, मी तिला ताई म्हणते. तिचं काम असं होतं की ऐकणारा आधी हसायचा. एका साप्ताहिकात एक पान यायचं. दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी भरपेट, साधं, घरचं जेवण कसं रांधता येईल, याच्या कृतींचं पान. वाचक कृती पाठवायचे, ऑफिसातून त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आमच्या घरी यायचा. ताई एकेक कृती करून बघायची, तिच्यातल्या चुका काढायची, बदल करायची आणि ठळक अक्षरात पुन्हा लिहून द्यायची. पानावर नाव संपादकबाईंचं. शेजारी त्यांचा फोटो, हातात डाव. त्या डावाला कधी काही लागलेलं मी बघितलं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ना, ते मी दर आठवड्याला छापलेलं बघत होते.

हे काम तिला मिळालं तेही तक्रारीतून. त्या पानावर शेंगा-बटाट्याचा रस्सा आला होता. ताईने तो केला, आणि साप्ताहिकाला एक कार्ड टाकलं: ‘तुमचा रस्सा मी तीन वेळा करून पाहिला. तिन्ही वेळा बटाटे कच्चे राहिले. चूक बटाट्यांची नाही.’ आठ दिवसांत संपादकबाई स्वतः दारात हजर. म्हणाल्या, “अहो, मग तुम्हीच का नाही बघत करून?” ताई तेव्हा तिशीची होती. मला या घरात येऊन तीन महिने झाले होते. पुढची बावीस वर्षं आम्ही जे जेवलो ते त्या एका कार्डामुळे.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, बाकी काही नाही. दोन बर्नरची शेगडी, त्यातला डावा मंद. ताई कृती कायम डाव्यावर करायची. म्हणायची, “ज्याच्याकडे धड शेगडी नाही त्याचं जेवण झालं पाहिजे. बाकीच्यांचं होतंच.” बाहेरच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन. थोरले दीर, म्हणजे भाऊजी, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. आमचे हे लांबच्या बसवर चालक, महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. त्यामुळे ताटावर बहुतेक वेळा आम्ही तिघंच.

तिची पद्धत ठरलेली. प्रत्येक कृती तीनदा. पहिल्यांदा चिठ्ठीत लिहिलंय तस्सं, मिठाचा कणही इकडचा तिकडे नाही. याला घरात ‘चिठ्ठीचं जेवण’ म्हणायचे आणि ते आलं की भाऊजींचा चेहरा उतरायचा. दुसऱ्यांदा तिला योग्य वाटेल ते बदलून. तिसऱ्यांदा ओव्हन नाही, लोणी नाही, मटण पाव किलोच आहे आणि खाणारे पाच आहेत, असं धरून. मटणाच्या जागी मूठभर बार्ली कधी जाते आणि कधी जाऊ नये, हे तिला चिठ्ठी वाचतानाच कळायचं. पण कळलं म्हणून ती लिहून टाकायची नाही. करून बघायची.

आणि त्या चिठ्ठ्या! ‘मीठ चवीनुसार.’ ‘पाणी अंदाजाने.’ ‘शिजेपर्यंत शिजवावे.’ एकीने लिहिलं होतं, ‘घरच्यांना आवडेल इतके आले.’ ताई म्हणाली, “हिच्या घरच्यांना मी कुठे शोधू?” चवीनुसार या शब्दावर तिचा विशेष राग. ज्याला चव कळते त्याला पुस्तक कशाला हवं, आणि ज्याला कळत नाही त्याला चवीनुसार सांगून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. ती तो शब्द खोडायची आणि वर लिहायची, ‘सपाट दीड चमचा.’ पीठ, डाळ, तांदूळ, पाणी, दूध सगळं वाटीने, मीठ-मिरची चमच्याने. वाटी मात्र कायम एकच. तिच्याबद्दल सांगायला हवं.

सहा वाट्यांचा एक संच होता घरात, पातळ स्टीलचा. पहिल्याच वर्षातली गोष्ट. कुणाचीतरी घट्ट मसुराची कृती होती, चिठ्ठीचं जेवण. भाऊजी बारा मजली इमारतीची बंद पडलेली लिफ्ट चालू करून आले होते, तीही जिना चढून. पहिला घास घेतला आणि म्हणाले, “अळणी आहे.”

“चिठ्ठीत अर्धाच चमचा लिहिलाय,” ताई म्हणाली. “आज चिठ्ठीप्रमाणे. परवा नीट करते.”

“मीठ आण.”

“वरून घातलं तर कृती कळणार कशी? आज एवढं असंच खा ना.”

“मी काय चिठ्ठी जेवू?” असं म्हणून त्यांनी वाटी फेकली. ती दाराच्या लोखंडी कडीवर आपटली आणि मसूर भिंतभर झाला. उभ्या आयुष्यात त्यांनी हे एकदाच केलं, हेही सांगते, नाहीतर म्हणाल दीर राक्षस होता. राक्षस नव्हते. दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने डबा घेऊन कामावर गेले, आणि त्या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. मला विचाराल तर मला त्या फेकण्यापेक्षा तो डबा घेऊन जाणं जास्त लागलं.

वाटीचं बूड एका बाजूने आत गेलं होतं. ताटात ठेवली की कलंडायची, वाढायला निकामी. ताईने ती फेकली नाही. धुतली आणि पिठाच्या डब्यात टाकली, मापाला. बावीस वर्षं त्या पोचा पडलेल्या वाटीने मोजून शेकडो जेवणं झाली आणि ती वाचून लोकांनी आपापल्या घरी केली.

ताईला त्या कामातून एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने कधी लपवली नाही. तिला तिचं नाव छापलेलं बघायचं होतं. दारावरच्या पाटीवर भाऊजींचं नाव, पत्रपेटीवर भाऊजींचं, साप्ताहिकात बाईंचं. शाळेत असताना एका शिक्षिकेने तिला म्हटलं होतं, “तू नाव काढशील.” हे ती हसत सांगायची, पण दरवर्षी सांगायची. जेव्हा संपादकबाईंनी ठरवलं की पानावरच्या निवडक दीडशे कृतींचं पुस्तक काढायचं, तेव्हा ताईने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं. “पुस्तकात माझं नाव हवं. कुठेही चालेल, पण हवं.” बाई म्हणाल्या, “म्हणजे काय, पहिल्याच पानावर!” ताई घरी आली तेव्हा तिने चप्पलसुद्धा काढली नव्हती, दारातूनच मला सांगितलं.

दीडशे कृती पुन्हा लिहायला तिला आठ महिने लागले. काही तिने नव्याने करूनही बघितल्या, कारण आता बाजारात मिळणारे बटाटे पूर्वीसारखे नाहीत. आम्ही पुन्हा एकदा सगळं जेवलो.

मग तो दिवस. ताई भाऊजींना घेऊन चष्म्याच्या नंबरासाठी गेली होती. मी मशीनवर, एका गिऱ्हाइकाची बाही जोडत होते. दार वाजलं. ऑफिसातली एक मुलगी, हातात मापाच्या रेघा असलेलं काचेचं भांडं. म्हणाली, “घरोघरी वाटी वेगळी असते ना, म्हणून पुस्तकात एक वाटी म्हणजे किती मिलिलिटर ते द्यायचंय. ताईंची वाटी मोजून न्यायला सांगितलीय.”

मी आत गेले. पिठाच्या डब्यात हात घातला, वाटी हाताला लागली, बाहेर काढली, आणि मला तिची लाज वाटली. पोचा पडलेली, पिठाने माखलेली. परक्या मुलीसमोर ही कशी ठेवायची? म्हणेल, बावीस वर्षं लोकांना जेवायला शिकवतात आणि घरात धड वाटी नाही. शिवाय पोचा कसा पडला विचारलं तर काय सांगू? मी ती परत डब्यात टाकली आणि काचेच्या कपाटातली, पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी वाटी नेऊन दिली. मुलीने पाणी भरलं, ओतलं, लिहून घेतलं. एकशे साठ.

“रोजची हीच ना?” तिने विचारलं.

“वाटी ती वाटी,” मी म्हणाले.

मी स्वतः शिवणकाम करणारी बाई. अर्धा इंच चुकला तर बाही खांद्यावर चढत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरी म्हणाले. संध्याकाळी ताईने विचारलं, “वाटी नेली मोजून? कुठली दिलीस?”

“आपलीच,” मी म्हणाले.

खोटंही नाही. दोन्ही आपल्याच होत्या. ताईने मान डोलावली. चिठ्ठीतल्या शब्दावर तिचा विश्वास कधी बसला नाही, माझ्यावर मात्र तिने लगेच ठेवला.

पुस्तक आलं. जाड पुठ्ठ्याचं, वर बाईंचा फोटो, तोच डाव. ताईने हात धुतले, पदराला पुसले आणि पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग शेवटचं, कदाचित तिथे असेल म्हणून. नव्हतं. प्रस्तावनेच्या तळाशी एक ओळ होती: ‘या पुस्तकामागे राबलेल्या असंख्य हातांची मी ऋणी आहे.’ ताईने ती ओळ मोठ्याने वाचली. मग आपले हात समोर धरले. एकावर वाफेचा जुना डाग, दुसऱ्याच्या अंगठ्याला चिरल्याची खूण. “असंख्य कुठले,” ती म्हणाली, “दोनच तर आहेत.”

भाऊजी म्हणाले, “राहिलं असेल छापायचं. एवढं काय त्यात.” ताईने पुस्तक कपाटावर टाकलं. मापांचं पान तिने बघितलंच नाही, नाहीतर तिथेच तिच्या लक्षात आलं असतं. रात्रीच्या जेवणाला तिने भात आणि डाळ केली, आणि त्यापुढे महिनाभर तेच. एकही चिठ्ठी उघडली नाही. 

महिन्याभराने वाचकांची पत्रं यायला लागली, आणि सगळ्यांची तक्रार एकच. अळणी. रस्सा अळणी, भात अळणी, मसूर अळणी. चौघांचं म्हणून केलं तर सहाजण जेवतात, पातेल्यातून उतू जातं आणि चव कशालाच नाही. हिशेब सरळ होता. पुस्तकातली वाटी मोठी, त्यामुळे डाळ जास्त, पाणी जास्त, तांदूळ जास्त. मीठ मात्र चमच्याने, तेवढंच. मला हे बाईंनी पहिलं पत्र वाचून दाखवलं तेव्हाच कळलं. चोराच्या मनात चांदणं.

संपादकबाई एका दुपारी पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. सोबत ते काचेचं भांडं. वाटी मोजून नेणारी मुलगी तोवर दुसरीकडे लागली होती, तिला विचारायची सोय नव्हती. भाऊजींची सुट्टी होती, ते कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसले होते. मी मशीनवर. पुस्तक आल्यापासून बाई पहिल्यांदाच येत होत्या, आणि नावाबद्दल अवाक्षर नाही. “सबंध आवृत्ती गेलीय बाजारात,” त्या म्हणाल्या. “लोक माझ्या नावाने बोटं मोडताहेत. तुमची वाटी आणा बघू.”

ताईने डब्यातली वाटी आणली, पुसली, पाण्याने काठोकाठ भरली आणि काचेच्या भांड्यात ओतली. एकशे वीस. पाव हिस्सा कमी.

बाईंनी वाटी हातात घेऊन फिरवली. “हा पोचा कसा पडला?”

वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं.

“पडली,” ताई म्हणाली.

“मग त्या दिवशी मोजायला दिलीत ती कुठली?”

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तेच वाईट. तिला नुकतंच ‘आपलीच’ या शब्दाचा अर्थ कळला होता आणि मी काय बोलते याची ती वाट बघत होती. मी बोलू शकले असते. ‘मी दिली, मला लाज वाटली,’ पाच शब्दांचं काम. बाहीत टाचणी टोचत बसले. बावीस वर्षं जिच्या हातचं मीठ खाल्लं, तिच्या वेळेला मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. का, ते आजही मला धड सांगता येत नाही. बाई मोठ्या होत्या, साडी भारी होती, आणि माझ्या खोलीभर चिंध्या पसरल्या होत्या. एवढंच.

“चुकून दुसरी दिली गेली,” ताई म्हणाली.

पडली. दिली गेली. दोन वाक्यं, आणि करणारा कुणीच नाही. कोपऱ्यात एक आणि मशीनवर एक, आम्ही दोघं करणारे जिवंत बसलेले असताना तिने आम्हाला वाक्यातून बाहेर ठेवलं.

बाई उठल्या. दारात म्हणाल्या, “इतकी वर्षं पोचा पडलेल्या वाटीने मापं! मला तुम्ही सांगायला तरी हवं होतं.” मागून मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले, तेव्हाही सांगू शकले असते. लिफ्ट खाली गेली.

पंधरा दिवसांनी उरलेल्या प्रतींमध्ये एक चिठ्ठी चिकटवली गेली आणि तीच साप्ताहिकातही छापून आली. पोस्टमनने अंक टाकला तो मीच उचलला. चौकटीत होतं:

‘शुद्धिपत्र. पुस्तकात एक वाटी म्हणजे १६० मि.ली. असे छापले आहे, ते १२० मि.ली. असे वाचावे. ही चूक कृती तपासणाऱ्या सौ.’ आणि पुढे ताईचं नाव, मधे भाऊजींचं नाव, मग आडनाव, ‘यांच्या सदोष वाटीमुळे झाली आहे. वाचकांची क्षमा असावी.’

नाव अगदी बरोबर छापलं होतं. काना-मात्रेची चूक नाही.

मी अंक लपवायच्या विचारात होते, पण ताई मागेच उभी होती. तिने माझ्या हातून घेतला. नवा चष्मा लावला. एकदा वाचलं, मग नावावरून बोट फिरवलं, शाई हाताला लागते का बघतात तसं. “आलं,” ती म्हणाली. आणि कितीतरी दिवसांनी डाव्या बर्नरवर पातेलं चढवलं.

त्या संध्याकाळी घट्ट मसूर होता. भाऊजी आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. अंक तिथेच पडला होता. त्यांनी चौकट वाचली, परत वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“तुझी वाटी, तुझी चूक. यात माझं नाव कशाला?”

ताई वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमचाही वाटा आहे त्यात.” मग माझ्या ताटात वाढताना, तितक्याच शांतपणे, “आणि हिचाही.”

भाऊजी म्हणाले, “कसला वाटा?” मी खाली मान घातली.

ताईने पिठाच्या डब्यातून ती वाटी काढली, धुतली, मसुराने भरली आणि त्यांच्या ताटात ठेवली. ठेवल्याबरोबर ती कलंडली. भाऊजींनी पटकन हात लावून ती सावरली. हात काढला की पुन्हा कलंडायची. मग त्यांनी हात काढलाच नाही. बुडाशी त्यांचा अंगठा त्या पोच्यावर आला होता. ते एकदा दाराच्या कडीकडे बघून खाली बघायला लागले.

एका हाताने वाटी धरून ते सगळं जेवले. मसूर अळणी होता. मीठ कुणी मागितलं नाही.